नजरेचा आकडा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पापुद्रेकाका म्हणत. काम तसंच होतं. पोलादी हंड्यातली हवा पंपाने ओढून घ्यायची, तळाशी अर्धवाहकाची चिमूटभर पूड तापवायची आणि तिची वाफ वर टांगलेल्या काचेवर बसू द्यायची. बसलेला थर केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. एवढ्याशा जागेत कोंडला की इलेक्ट्रॉनचं वागणंच बदलतं. थर जितका पातळ, तितकी त्याला ऊर्जेची उडी मोठी मारावी लागते, आणि रंग ठरतो तो या उडीवर. म्हणून पदार्थ तोच, पण जाड थर लाल दिसतो, पातळ करत गेलं की नारिंगी, मग पिवळा, आणि अगदीच पातळ झाला की रंग आहे की नाही असं वाटावं इतका फिकट. विद्वानांना हे समीकरणातून कळतं. काकांना काच खिडकीसमोर धरली की कळायचं.

हंड्याला जाडी मोजणारं मीटर होतं, पण जुनं आणि लहरी. म्हणून वहीत दोन रकाने होते, एक मीटरचा आणि एक 'नजरेने'. दोन्हींत फरक पडला तर नजरेचा आकडा धरायचा, असा तिथला शिरस्ता. सव्वीस वर्षांत काकांचा आकडा एकदाही खोटा ठरला नव्हता. काकांना याचा गर्व नव्हता असं कशाला म्हणा, चांगला हातभर होता.

यंदा मात्र तिथे पीएचडी करणाऱ्या एका मुलीचं गाडं अडलं. तीन वर्षं खपून तिने मांडलेलं गणित एक सांगत होतं आणि काचा दुसरंच. गेले तीन महिने प्रत्येक काचेत उडी गणितापेक्षा मोठी येत होती.

"माझं गणितच चुकलंय, काका," शनिवारी ती म्हणाली. तिचे डोळे रडून सुजलेले होते. "सोमवारी सरांना सांगते आणि प्रबंधातलं ते अख्खं प्रकरण काढून टाकते."

"जाडी कुठली धरलीस?"

"मीटर आठ म्हणतंय, तुम्ही दहा. तुमचीच धरली."

"मग जाडीत चूक नाही," असं म्हणून काका निवांत डबा खायला गेले.

रविवारी ते ताईकडे असत. थोरली बहीण, एकटीच राहायची. घरामागे उतारावर तिचे भाज्यांचे वाफे होते आणि पावसाची जोराची सर आली की वरची माती धुऊन खाली यायची. म्हणून ती रोपांमधली उघडी माती वाळल्या गवताने चार बोटं झाकून टाकायची. पाणी गवतावर पडतं, सावकाश मुरतं, माती जागची हलत नाही. गवत मात्र खडखडीत वाळलेलं हवं. ओलं घातलं की तापतं, सडतं आणि रोपांची देठं कुजवतं. पसरायचं काम भावाचं. हातमोजे चढवून काकांनी सकाळीच तीन वाफे झाकले. झाकणंही कसं, कुठे बोटभर कमी नाही की जास्त नाही.

ताई चहा घेऊन आली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाळ्या, हे काय केलंस? परवा कापलेलं घातलंस की! हिरवं आहे हे."

"काहीतरीच काय! चांगलं पिवळंधमक आहे."

"डोळे आहेत की बटणं? वाळलेला ढीग तो, तिकडचा."

काका हसले. मग दोन्ही ढिगांतली एकेक मूठ उचलून त्यांनी उजेडात धरली. एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. दोन्ही मुठी सारख्याच दिसत होत्या. त्यांना हंड्यातल्या काचा आठवल्या. सगळंच पिवळं दिसत असेल तर फिकट काचही पिवळी दिसणार, म्हणजे थर जाड वाटणार. आठाचे दहा होणार.

चहा निवला तरी ते तिथेच बसून राहिले. खरं तर कोणाला कळणार होतं? मीटर लहरी आहे हे जगजाहीर होतं. 'मीटर दुरुस्त करून घ्या, बघू काय होतंय ते,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुपारी सगळं ओलं गवत उपसून, वाळलेलं पसरेपर्यंत ते हाच विचार करत होते, आणि स्वतःची लाजही वाटत होती.

सोमवारी मुलगी सरांच्या खोलीकडे निघाली, तोच त्यांनी तिला जिन्याजवळ गाठलं.

"गणित खोडू नकोस. माझा रकाना खोड. तीन महिन्यांचा, सगळा."

तिला आधी कळेचना. मग ती परत आली, मीटरचे आकडे घालून आलेख काढला. एकेक ठिपका तिच्या रेषेवर येऊन बसला. ती पडद्याकडे बघत राहिली आणि एकदम उसळली.

"तीन महिने, काका! तीन महिने मी स्वतःला मठ्ठ समजत होते!"

"हो," काका म्हणाले.

मग तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?"

"दिसतंय की. सगळं दिसतंय."

"माझा कोट कसा दिसतोय?"

काका घुटमळले. पोरीला वाईट वाटेल म्हणून हळूच म्हणाले, "जरा जुना झालाय. पिवळट पडलाय."

"आज पहिल्यांदा घातलाय, काका. पांढराशुभ्र आहे."

काका स्टुलावर बसले. चष्मा काढून उगाच पुसत राहिले. मुलीने संगणक बंद केला, त्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि त्यांचा दंड धरला.

"उठा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. सर थांबतील."