साईटवरची पिवळी रेघ

नेम माझ्या मुलीचा चुकला नव्हता. रायफलची साईट मी चुकीच्या अंतरावर लावली होती, आणि तिला हात लावायचा नाही अशी तंबीही मीच दिली होती. आणि स्पर्धेहून परत येताना सगळ्या रस्त्यात मी वर तिलाच बोललो.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाड्यांचे पार्ट तपासतो. आमच्याकडे बोल्ट हवा तेवढा आवळला गेला की त्यावर मार्करनं पिवळी रेघ मारतात, अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या पत्र्यावर. नंतर कुणी बोल्ट हलवला तर रेघ तुटलेली दिसते. म्हणजे रेघ मारली की विषय संपला, पुढच्यानं हात लावायचा नाही. इतकी वर्षं हेच केल्यावर ते कंपनीच्या गेटबाहेर ठेवून येता येत नाही.

मुलगी तेव्हा दहावीत होती. शाळेतल्या एका शिबिरात तिनं एअर रायफल हातात धरली आणि तिला ती आवडली. दर रविवारी मी तिला चऱ्होलीहून चिंचवडला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जायचो. ती दहा मीटरवरून कागदी टार्गेटवर छर्रे मारायची आणि मी मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहायचो. आमच्या दोघांचं असं एवढंच होतं. एरवी माझी शिफ्ट आणि तिचे क्लास यांत आमची गाठ जिन्यात पडायची.

जिल्हा संघासाठीच्या निवड स्पर्धेच्या थोडं आधी मी तिला एक जुनी रायफल घेऊन दिली आणि तिच्यावर नवी साईट बसवली. साईट म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकाची चकती. तिच्या बाजूला फिरवायची बटणं असतात, एकेक क्लिक फिरवून नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायचा. रेंजवरचे सर फौजेतून निवृत्त झालेले होते. ते म्हणाले, "साईट नवीन आहे, दहा मीटरवरच झिरो करून घ्या. सकाळी कधीही या, रेंज उघडीच असते."

झिरो करणं म्हणजे, जिथं बघतोय तिथंच छर्रा लागेल अशी साईट लावणं. पण ते एका ठरावीक अंतरापुरतंच खरं असतं, आणि ते अंतर आधी आपण ठरवायचं असतं.

मी घरचं अंतर ठरवलं. महिनाअखेर होती, कंपनीत माल पाठवायची घाई होती, ओव्हरटाइम चालू होता. चिंचवडला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस. आमच्या फ्लॅटमध्ये मागच्या गॅलरीतून स्वयंपाकघर आणि हॉल ओलांडून बेडरूमच्या भिंतीपर्यंत सरळ रेषा मिळत होती. टेपनं मोजलं, सात मीटर भरलं. मग मी ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाची हुशारी केली. टार्गेट झेरॉक्सवाल्याकडून सत्तर टक्क्यांवर आणून लहान करून घेतलं. सात मीटरवरून ते दहा मीटरवरच्या टार्गेटएवढंच दिसत होतं. दिसायला सारखं, म्हणजे सगळं सारखं.

"पप्पा, आपण रेंजवरच जाऊ या ना," मुलगी म्हणाली.

"गणित तेच आहे. तुला कागद छोटा दिसतोय का?"

"नाही."

"मग झालं."

तिकडं ओट्याशी माझी बायको अडकून पडली होती. "अहो, मला दूध उतरवायचंय. तुमचा गोळीबार थांबला की सांगा, माझं डोकं मधे येतंय."

"पाच मिनिटं."

"मघापासून पाच मिनिटंच चाललीत. पोरीला एक दिवस रेंजवर न्यायला काय होतंय? कंपनी काय तुमच्याशिवाय बंद पडणार हाय का?"

मी हसून टाळलं. छर्रे मधोमध लागायला लागले तसं मी मुलीच्या हातून रायफल घेतली, खिशातला मार्कर काढला आणि पिवळी रेघ मारली, अर्धी साईटच्या बटणावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. तिला सांगितलं, "आता याला हात लावायचा नाही. काही झालं तरी." कंपनीतही सगळ्यांना सांगून आलो की सेटिंग मी स्वतः केलंय.

मी जे मोजलं नव्हतं ते डोळ्यासमोरच होतं. साईट नळीच्या वर दोन-तीन बोटं उंच असते. डोळ्याची रेषा वरून जाते, छर्रा खालून निघतो, आणि दोन्ही एका ठिकाणी भेटतात. मी त्यांना सात मीटरवर भेटवलं होतं. दहा मीटरला पोचेपर्यंत छर्रा ती रेषा ओलांडून वर गेलेला असणार. कागद लहान केला म्हणून साईट आणि नळी यांच्यातली उंची लहान होत नाही. मी सगळं सत्तर टक्के केलं, तेवढं सोडून.

स्पर्धेच्या दिवशी सुरुवातीला साईट जुळवून घ्यायला वेळ देतात. हवे तितके छर्रे मारा, हवी तितकी बटणं फिरवा. तिचा पहिला छर्रा वर लागला. दुसराही वर. प्रत्येकीच्या शेजारी छर्रा कुठं लागला ते दाखवणारा पडदा होता, मला मागून ठिपके दिसत होते. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. तिचं बोट बटणापाशी होतं. सर लांब दुसऱ्या टोकाला होते.

मी मान हलवली. नाही.

मला वाटलं, पोरगी घाबरलीय आणि ट्रिगर ओढताना हात वर उडतोय. तिनं बोट काढून घेतलं. स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या. तिसरीच्या मध्यापासून छर्रे मधे लागायला लागले आणि शेवटपर्यंत मधेच लागले. पण गेलेले गुण काही परत आले नाहीत. निवड हुकली.

गाडीत मी बोलत राहिलो. सुरुवातीला लक्ष कुठं होतं? श्वास धरायला शिकवलं नाही का? नंतर जमलं, मग आधी का नाही जमलं? भोसरीच्या सिग्नलला ती म्हणाली, "सॉरी पप्पा." मग दहावीची परीक्षा आली. रायफल पलंगाखाली गेली ती गेलीच. रविवार आपोआप मोकळे झाले.

आता मुलगी नोकरीला लागलीय. ऑफिस जवळ पडतं म्हणून थेरगावला मैत्रिणींबरोबर राहते. चऱ्होली ते थेरगाव फार लांब नाही, तरी ती सणालाच येते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून बायको लातूरला आहे. मी कामावरून येतो, हॉलमधला दिवा लावतो, भात टाकतो. गॅलरीतून बेडरूमपर्यंत ती सरळ रेषा अजून आहे. मधे आता कोणी येत नाही.

मध्यंतरी रायफल विकून टाकावी असं मनात आलं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ती घेऊन रेंजवर गेलो. सर म्हणाले, "गिऱ्हाईकाला दाखवायच्या आधी चार छर्रे मारून बघा." रेघ जुळलेली दिसत होती, साईट मी लावली तशीच होती. रायफल टेबलावर टेकवून दहा मीटरवरून मारले. सगळे छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळजवळ लागले, आणि सगळे मधल्या काळ्या ठिपक्याच्या वर.

मी तिथंच खुर्चीवर बसलो. मोजमापं विखुरली तर हाताचा दोष, एका जागी जमली पण सरकलेली असली तर सेटिंगचा दोष. नव्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवतो. त्या दिवशी पडद्यावर तिचेही ठिपके असेच एका जागी होते. मी बघत होतो.

मग साईट डोळ्याजवळ धरली. पिवळी रेघ तुटलेली होती. दोन्ही अर्धुकं अगदी समोरासमोर आणून ठेवली होती, पण वाळलेला रंग तडकून मधे केसाएवढी चीर पडली होती. तिसऱ्या फेरीत तिनं माझं न ऐकता बटण फिरवलं होतं. आणि स्पर्धा संपल्यावर, मी गाडी काढेपर्यंत, ते परत माझ्या रेघेवर आणून ठेवलं होतं.

सर म्हणाले, "काय राव, विकायची ना?"

"नाही," मी म्हणालो.

घरी येऊन मोबाईलवर तिला लिहायला बसलो. लिहिलं, खोडलं. वाक्यं चांगली जमत होती, त्याचीच भीती वाटली. मी पुन्हा घरात बसून सेटिंग करत होतो. साईट काढून रुमालात गुंडाळली आणि तिला फोन केला, येतोय म्हणून.

डांगे चौकाजवळच्या चहाच्या हॉटेलात ती भेटली. "आई बरी आहे ना?" तिनं आधी विचारलं. मी असा अचानक गेलो की काहीतरी वाईटच असणार, असं तिला वाटलं. मी रुमाल टेबलावर उघडला. तिनं साईट उचलली, त्या चिरेवरून नख फिरवलं.

"कळलं होय तुम्हाला?"

"आत्ता कळलं. तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कंपनीत सगळ्यांना सांगितलं होतं, पप्पा. सेटिंग मी केलंय म्हणून." ती जरा हसली. "आणि गाडीत तुम्ही बोलायचं थांबलात कुठं?"

पोऱ्या चहा ठेवून गेला. तिनं कप माझ्याकडं सरकवला. मी तो बाजूला ठेवला.

"अंतर मी चुकीचं धरलं," मी म्हणालो. "तू रेंजवर चला म्हणालीस, मी आलो नाही. तू वळून बघितलंस, मी मान हलवली. तुझं काही चुकलं नव्हतं. गाडीत तू सॉरी म्हणालीस, ते माझं होतं. माफ कर मला."