उजव्या अंगाची खिडकी

पेठ वडगावात आकारामाची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीपेक्षा आकारामाचा आवाज मोठा होता. पट्टा फिरत असताना समोरच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. ती सवय त्याला घरीदारी लागलेली. थापा मारायचा त्याही ओरडून, आणि ओरडून मारलेली थाप माणसाला लवकर पटते, हे मात्र खरं.

त्याची सगळ्यात लाडकी थाप दूधसागरची. लोंढ्याहून गोव्याकडं जाणारी आगगाडी घाट उतरते, बोगद्यामागून बोगदा येतो, आणि मधेच डोंगराच्या माथ्यावरून पांढरंशुभ्र पाणी थेट रुळाशेजारी कोसळतं. "कैक येळा गेलोय की मी त्या गाडीनं. डायवर वळखतोय मला," असं तो सांगायचा. बायका दळणाचे डबे घेऊन नंबर लावून उभ्या असायच्या, त्यांनाही वेळ काढायचा असायचा. त्या ऐकायच्या.

खरं काय होतं? मिसरूड फुटायच्या वयात बापानं चारचौघांत थोबाडीत दिली म्हणून पठ्ठ्या 'गोव्याला जातो' म्हणून घरातून निघाला. बेळगावच्या स्टँडवर पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागले आणि गोव्याची हौस तिथंच फिटली. मग निपाणीला मावशीकडं जाऊन आठवडाभर जेवला. घरी रिकाम्या हातानं कसं परतायचं, म्हणून गोवा बघून आलो म्हणाला. धबधब्याचं वर्णन त्याला स्टँडवरच्या एका ट्रकवाल्याकडून फुकट मिळालं होतं. पुढं बाप वारला, मावशी वारली. थाप तेवढी गिरणीत खाऊनपिऊन धडधाकट राहिली.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे शेजारची धोंडुबाई. ह्या बाईनं उभा जन्म म्हशींपाठी घातला. सकाळची धार, सांजची धार, दोन्ही वेळचं दूध डेअरीला. म्हशीला रविवार नसतो, त्यामुळं धोंडुबाईला लेकीकडंसुद्धा कधी मुक्काम करता आला नव्हता. दळण झालं तरी ती पोत्यावर बसून राहायची. "त्या पान्याचं सांग की रं," म्हणायची. आकाराम सांगायचा, आणि दर खेपेला पाणी थोडं उंचावरून पाडायचा.

दोन हजार दोन साली तिला काचबिंदू निघाला. कोल्हापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती वर्षभर पुरली तर नशीब समजा. कडेचं दिसेनासं झालं होतं, अगदी समोरचं तेवढं दिसायचं. धोंडुबाई कोल्हापूरहून आली ती घरी न जाता गिरणीत गेली.

"आकाराम, दिसतंय तवर मला त्यो धबधबा दाखीव. तुज्यासंगंच येनार मी. दुसऱ्या कुनाला ठावं न्हाय त्यातलं."

बाळाबाई आणि तानाबाई दळणाला आल्या होत्या. दोघी गल्लीतल्याच. त्याही म्हणाल्या, आमी बी येतो. आकाराम हो म्हणाला. नाही म्हणायची सोय त्यानं स्वतःला ठेवलीच नव्हती.

गणपती झाल्यावर धोंडुबाईनं म्हशी सुनेच्या ताब्यात दिल्या आणि मंडळी निघाली. एस.टी.नं बेळगाव, तिथून लोंढा, लोंढ्यात गोव्याची पॅसेंजर. गाडीत पाय ठेवला न ठेवला तोच तानाबाईनं विचारलं, "कुठल्या अंगाला बसायचं?"

 इतक्या वर्षांत हा प्रश्न आकारामाला कुणी विचारला नव्हता. गिरणीत धबधबा नुसता पडायचा, तो डावीकडं पडतो का उजवीकडं, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

"उजव्या," तो म्हणाला. म्हणाला ते नेहमीसारखं ओरडून, त्यामुळं डब्यातल्या परक्या माणसांनीही ऐकलं.

धोंडुबाईला उजवीकडची खिडकी मिळाली. कॅसलरॉक स्टेशन सुटलं आणि घाट सुरू झाला. खाली दरी, दरीत धुकं, आणि मधूनच सगळं गिळणारा बोगदा. बोगद्यात पोरं ओरडायची आणि बाळाबाईही त्यांच्यात सूर मिळवायची. खर्डा-भाकरी सुटली, वास डबाभर झाला. धोंडुबाईनं तर गजाला कपाळ टेकवलं होतं. "एवढं हिरवं पेरलं कुनी रं?" तिनं विचारलं. आकारामाचाही जीव त्या दरीत अडकला होता. त्यालाही गजाला कपाळ टेकवून बघावंसं वाटत होतं. पण कैक वेळा बघितलेल्या माणसानं तोंडाचा आ कसा करायचा? तो मांडी घालून बसला आणि जांभया देत राहिला.

आत मात्र भट्टी पेटली होती. कुणाला तरी विचारावं म्हणून तो दाराशी गेला. तिथं चहावाला उभा होता. "पावणं, त्यो धबधबा..." एवढं बोलला तोच मागं हात धुवायला बाळाबाई. "...यायला आजून टाईम हाय, न्हवं?" असं वाक्य पुरं करून तो परतला. चहावाल्यानं मान हलवली. कशाला हलवली कुणास ठाऊक.

पलीकडच्या, डाव्या अंगाला एक कुटुंब बसलं होतं. हुबळीकडचा कापडवाला चन्नवीर, त्याची बायको आणि खिडकीशी त्यांची शांभवी. धोंडुबाईची नजर अधू आहे हे त्यानं ओळखलं असावं. तो उठून म्हणाला, "अज्जी, इकडं या. धबधबा ह्या बाजूला येतो. शांभवी, ऊठ गं, अज्जीला बसू दे."

पोरगी उठली. खिडकी रिकामी झाली.

त्याच वेळी म्हातारीला हाताला धरून पलीकडं बसवलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? बाळाबाई-तानाबाई हसल्या असत्या, गल्लीत चार दिवस टिंगल झाली असती, संपलं असतं. पण नाही. गिरणीवाल्याचं नाक मधे आलं.

"पावणं, तुमी किती वेळा गेलाय ह्या गाडीनं?"

"वर्षातून एकदा जातो."

"मग बारका धबधबा बघितला आसंल तुमी. मोठा हिकडंच दिसतोय."

 चन्नवीरनं धोंडुबाईकडं बघितलं. ती हसून म्हणाली, "नगं बाबा, बसू दे लेकराला. आमचा आकाराम म्हाईतगार हाय." आणि पुन्हा उजव्या गजाला टेकली.

मग एक बोगदा संपला आणि डबाच्या डबा डावीकडं धावला. बाळाबाई धावली, तानाबाई धावली. पाण्याचा आवाज एवढा झाला की गाडीचा आवाज बुडाला. तुषार आत आले. आकारामानं माणसांच्या डोक्यांमधून एक पांढरा तुकडा बघितला, हातभर रुंद.

"आला काय रं? कुठं हाय?" धोंडुबाई विचारत होती. कडेचं तिला दिसत नव्हतं आणि गुडघ्यांमुळं झटकन उठता येत नव्हतं. तो तिला उचलून नेऊ शकला असता. बाळाबाई मागं वळून हातानं बोलावतही होती. आकाराम जागचा हलला नाही. नेलं की सगळं उघडं पडणार होतं. एवढ्यात धबधब्यासमोरचा पूल सरला, दोन्ही अंगांनी कातळ वर आला, आणि उजव्या कातळावरून पाण्याची एक धार खिडकीला लागून घसरत गेली. आपल्या गल्लीतल्या पन्हळीला पावसाळ्यात येते तेवढी.

"ह्यो बघ, काकी. म्होरंच हाय."

धोंडुबाईनं दोन्ही हात जोडले. "दिसला रं," ती म्हणाली, "पांढरा लोट दिसला." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं आकारामाच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. बाळाबाई आणि तानाबाई परत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी धार बघितली, म्हातारीला बघितलं, मग आकारामाला बघितलं. चन्नवीरनं मान खाली घातली. त्या परक्या माणसाला लाज वाटली, आणि ते बघून आकारामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघींनी वडगावात आल्यावर एक शब्द काढला नाही. म्हातारीसाठीच गप्प बसल्या. पण गिरणीत यायच्या, डबा ठेवायच्या, आणि त्याच्याकडं न बघता जायच्या. आकाराम बोलायचा बंद झाला. बोलायला आता धोंडुबाई होती. पोत्यावर बसून ती आल्यागेल्याला धबधबा सांगायची, आणि वर म्हणायची, "ह्या लेकरानं दाखिवला." पट्ट्याचा खडखडाट चालू असूनही त्याला तिचा प्रत्येक शब्द ऐकू यायचा.

वर्ष सरलं तशी तिची नजर गेली. तरी ती चाचपत यायची आणि सांगायची. शेवटी एका दुपारी त्यानं गिरणी बंद केली आणि तिच्या घरी गेला. ती गोठ्याच्या दाराशी बसली होती. तिथं उभ्याउभ्या त्यानं सगळं सांगून टाकलं. ते नुसतं कातळावरचं पाणी होतं, धबधबा पलीकडं होता, मी त्या गाडीत त्याआधी कधी बसलोच नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलत होता.

धोंडुबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"आन् हे आता कशापायी सांगतुयास?"

"मनाला खात हुतं, काकी. राहवंना."

"तुज्या मनाला."

"व्हय."

"आता हलकं वाटतंय?"

त्याला खरंच थोडं हलकं वाटत होतं. 

"डोळं गेलं तवापासनं माज्यापाशी बघायला त्येवढंच हुतं, आकाराम," ती म्हणाली. "रोज सांजंला बसून बघत हुतो मी. आता काय बघू?"