घेवड्यासोबत गेलेली रत्ना

मार्गासनीच्या रत्नाचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. नवरा शिरवळला कंपनीत, शेत तिच्याच अंगावर. घेवडा ती स्वतः निवडायची, जून शेंग गोणीत जाऊ द्यायची नाही. तरी पुण्याच्या अडत्याचा फोन यायचाच, माल जून निघाला, भाव कमी मिळेल म्हणून.

शेंगा बदलतात तरी कुठं? मार्केट यार्डापर्यंत माल नेणारा एकच, गावातला टेम्पोवाला कुमार. नसरापूरला तो बराच वेळ थांबतो, असं तिच्या कानावर आलं होतं. चहाला म्हणे. रत्नाला ते पटलं नाही. तिनं शेजारणींपाशी विषय काढला, आणि त्यातल्या दोघींनी कुमारला माल देणं बंद केलं.

एका पहाटे गोण्या चढल्या तशी रत्नाही केबिनमध्ये बसली. नसरापूरला तो उतरला, तेव्हा ती मागं जाऊन फाळक्याला टेकून उभी राहिली. त्यानं खरंच चहा घेतला, तिच्यासाठीही आणला. तिनं तो नाकारला. पुढं हायवेला लागल्यावरही तिची नजर सारखी बाजूच्या आरशाकडं जात होती.

टोलनाका मागं पडल्यावर कुमार म्हणाला, "वैनी, मी चोर वाटतो व्हय तुमाला?"

"बघितल्याबिगर काय बी सांगनार न्हाई."

यार्डात हमालांनी गोण्या अडत्याच्या गाळ्यावर टाकल्या. रत्ना मात्र गाळ्यावर गेली नाही. समोरच्या कोबीच्या थप्पीआड पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. जरा वेळानं अडत्याच्या माणसानं तिची गोणी उसवली, निम्मा घेवडा क्रेटमध्ये काढला आणि कोपऱ्यातल्या पिवळट ढिगातनं ती परत भरली.

रत्ना पुढं झाली आणि गोणीत हात घालून तिनं मूठभर शेंगा वर काढल्या. "ही शेंग माज्या रानातली न्हाई."

अडत्यानं टेम्पोवाल्याकडं बोट दाखवलं. पण तोवर आजूबाजूचे शेतकरी जमले होते, आणि आपापल्या गोण्या उघडून बघू लागले होते. रत्नानं माल उचलून दुसऱ्या गाळ्यावर नेला.

परतताना ती कुमारला म्हणाली, आपलं चुकलं.

"मला नगा सांगू. गावात सांगा," तो म्हणाला.

तिनं त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं. त्या दोघींचा माल पुन्हा कुमारच्या टेम्पोत चढू लागला. नवा अडत्या अजून तरी सरळ वागतो, पण रत्ना अधूनमधून यार्डात जाऊन त्याच्या काट्यापाशी उभी राहते. कुमारही तिचा माल नेतो. फक्त गोणीचं तोंड ती त्याच्यादेखत शिवत नाही, तोवर तो गोणीला हात लावत नाही.