सत्तरवरचा काटा

माझा धाकटा दीर मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात काम करतो. गेल्या मार्चमध्ये तो सुटीवर संगमनेरला आला तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळलेली एक लाकडी पेटी होती आणि पेटीत पंचवीस क्युबन सिगार. ते त्याचे नव्हते. जहाजावरच्या मोठ्या साहेबांनी ते हवानात घेतले होते. साहेबांना उतरायला अजून दोन महिने होते, म्हणून त्यांनी पेटी दिराबरोबर पुढे पाठवली. साहेब नाशिकचे. मेमध्ये पुण्याला जाताना वाटेत आमच्याकडून पेटी घेणार होते.

"वहिनी, हे जपा. माझं पुढचं कॉन्ट्रॅक्ट ह्याच्यावर आहे," दीर म्हणाला.

आतापर्यंत तो हाताखालचा माणूस होता. मुख्य स्वयंपाकी म्हणून त्याचं नाव कंपनीला कळवायचं की नाही, हे साहेबांच्या हातात.

"सिगार आणि स्वयंपाकाचा काय संबंध?" मी विचारलं.

"तुम्हाला साहेबांचा स्वभाव माहीत नाही. भातात खडा लागला तर आठवडाभर बोलत नाहीत. पेटी खराब झाली तर म्हणतील, ह्याला एक पेटी सांभाळता येत नाही, हा जहाजाची कोठी काय सांभाळणार."

हे मला पटलं. मीही माणसं अशीच जोखते.

त्याने सगळं समजावून सांगितलं. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, उन्हात नाही, डांबरगोळ्या असलेल्या कपाटात तर मुळीच नाही, कारण तंबाखू कसलाही वास ओढून घेतो. हवेत ओलावा सत्तर टक्के पाहिजे. तो दाखवायला पेटीत बाटलीच्या झाकणाएवढं एक गोल यंत्र होतं, त्यावर काटा. काटा खाली आला की पेटीतल्या छोट्या स्पंजला उकळून गार केलेलं पाणी चार थेंब द्यायचं. एवढं सांगून तो दीड महिन्याच्या कोर्सला मुंबईला गेला.

घरात मी आणि सासूबाई दोघीच. माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. मी दूध संकलन केंद्रावर दुधाचा भाव ठरवणारी फॅट मोजते, म्हणजे आकड्यांवरच माझं पोट आहे. रोज सकाळी कोणीतरी म्हणतं, "ताई, काल चार लागली, आज साडेतीन कशी?" आणि मी म्हणते, "मशीन खोटं बोलत नाही, दादा." त्यामुळे सत्तरवरचा काटा मला बरा वाटला. पेटी मी आतल्या खोलीत, भिंतीतल्या फडताळात खाली ठेवली. सकाळी केंद्रावर जाताना झाकण उघडून काटा बघायचा आणि बंद करायचं. सत्तर, एकोणसत्तर, सत्तर. तीन आठवडे हेच.

सासूबाईंना मात्र ते पटत नव्हतं.

त्यांनी छत्तीस वर्षं विड्या वळल्या. टेंभुर्णीची पानं संध्याकाळी भिजवायची, पाणी निथळलं की ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी मऊ झालेली पानं पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. पान कोरडं राहिलं तर वळताना फाटतं आणि फार ओलं असलं तर बुरशी धरते. कारखान्यात माल तपासणारा माणूस विडी बोटात दाबून बघे आणि नापास झाली की समोर मोडून टाकी. छत्तीस वर्षांत त्यांच्या किती विड्या मोडल्या हे त्या सांगत नाहीत, त्या अर्थी थोड्या असाव्यात.

एकदा त्यांनी पेटीवरून नुसता हात फिरवला, वास घेतला आणि म्हणाल्या, "कोरडा हाय."

"आत्या, काटा सत्तरवर आहे."

"काट्यानं कवा विडी वळली?"

"तुमच्या नाकापेक्षा यंत्र बरं."

"व्हय, व्हय. सूनबाई शिकलेल्या हायती. आमी काय, पाला-चगाळ्यातली मान्सं."

आमच्यात असं रोज होतं.

एप्रिल निम्मा झाला. घरात पंख्याचा वारासुद्धा गरम लागायला लागला होता. एके दिवशी दुपारी केंद्रावरून आले, तर सासूबाई उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. सुपात एक सिगार उभा चिरून पसरलेला. बाहेरचं पान एकीकडे, त्याच्या आतलं दुसरीकडे आणि मधली लांब लांब पानं ओळीने मांडलेली.

पिशवी दारातच टाकून मी पुढे झाले.

"आत्या! मोजून दिलेत ते! पंचवीस!"

"वरडू नगं. बघ हिकडं. दोरा न्हाई कुटं. पानात पान, पानात पान. लई कसबी मानूस हाय ज्यानं क्येलं." मग त्यांनी बाहेरच्या पानाचा तुकडा माझ्या पुढ्यात धरला आणि अंगठ्याने दाबला. त्याचा पापडासारखा चुरा झाला. "आन् ह्ये बघ तुझं सत्तर."

मला राग आला होता, पण चुरा डोळ्यांपुढे होता. पेटीतला दुसरा सिगार उचलून मी कानाशी हलकेच दाबला. चुरचुर वाजला. सगळे तसेच वाजत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि माझी मलाच लाज वाटली. केंद्रावर फॅट मशीन सुरू केलं की पहिलं काम म्हणजे साफ पाणी घालून शून्य तपासणं. त्याशिवाय मी एकाही किटलीचं दूध तपासत नाही. या चिमुकल्या यंत्राचं शून्य मी एकदाही तपासलं नव्हतं. दीर म्हणाला सत्तर, काटा म्हणाला सत्तर, आणि मी तीन आठवडे दोघांवर विश्वास ठेवला.

मोबाईलवर शोधलं. उपाय घरातच निघाला. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल एवढंच पाणी घालायचं, झाकण आणि यंत्र एका घट्ट डब्यात बंद करून एक दिवस ठेवायचं. ओल्या मिठाजवळ काटा पंचाहत्तरवर थांबला पाहिजे. दुसऱ्या दिवशी उघडलं तर काटा अठ्ठ्याऐंशीवर. म्हणजे यंत्र तेरा जास्त दाखवत होतं. आमचे सत्तर हे खरे सत्तावन्न होते.

सासूबाईंनी गोणपाट भिजवून ठेवलंच होतं. "गुंडाळ ह्यात. सकाळला मऊ व्हत्यात."

"नाही आत्या. हे टेंभुर्णीचं पान नाही. एकदम पाणी मिळालं तर आतला तंबाखू फुगेल आणि बाहेरचं पान उकलेल. बुरशी येईल ती वेगळीच."

"मंग बस वाऱ्यावर धरून."

शेवटी गोणपाटही नाही आणि वाराही नाही. घट्ट झाकणाचा मोठा डबा घेतला. खाली वाटीत ओला स्पंज, वाटीवर चाळणी, चाळणीवर सिगार, एकमेकांना दाबले जाणार नाहीत असे. काटा ब्याऐंशीच्या आसपास आणायचा, म्हणजे खरे एकोणसत्तर, आणि तेही रोज थोडं थोडं. काटा मी बघायचा, बोटाने दाबून सासूबाईंनी बघायचं, आणि दोघींचं मत जुळलं नाही तर स्पंज रात्रभर बाहेर. पहिले चार दिवस मत जुळलं नाही. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता आवाज गेला."

दिराला मी फोनवर सगळं खरं सांगितलं.

"वहिनी, चव गेली असेल तर? वरून चांगले दिसतील, पण साहेबांनी पेटवला की कळेल."

"मग एक ओढून बघायला पाहिजे."

"कोण ओढणार?"

हा प्रश्न खराच होता. शेजारच्या कोणाला द्यावा तर गावभर होईल. शेवटी एका दुपारी मागचं दार लावून धुण्याच्या दगडाजवळ आम्ही दोघी बसलो. सासूबाईंनी विडीच्या कात्रीने सिगारच्या टोकाची टोपी चकतीएवढी कापली. पेटायला सहा काड्या लागल्या. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच फिरवून सोडायचा, हे मोबाईलवर वाचलं होतं.

सासूबाई रोज मिश्री लावतात, पण विडी त्यांनी कधी तोंडात धरली नव्हती. "वळनाऱ्यानं वडली तर घरी काय न्येनार?" असं त्या म्हणत. त्यांनी एक झुरका घेतला, गाल फुगवले, सोडला.

"काय लागतं?" मी विचारलं.

"थांब की."

मग मी घेतला. पहिल्यांदा जिभेवर कडू आणि तिखट, मिरी चावल्यासारखं. दुसऱ्या झुरक्याला भाजलेल्या शेंगांच्या टरफलांचा वास आला, मग वाळलेल्या कडब्याचा, आणि सगळ्यात शेवटी काकवी करपते तशी किंचित गोडी. वाईट नव्हता. पुन्हा ओढावा असाही वाटला नाही. पण राख पांढरी आणि घट्ट राहिली, बाहेरचं पान कुठे उकललं नाही, आणि एका बाजूने जळत गेला नाही. एवढंच तपासायचं होतं. तिसऱ्या झुरक्याला मला गरगरायला लागलं आणि मी दगडाला टेकून बसले.

सासूबाईंनी आणखी दोन घेतले. "जर्दा चांगला हाय. बसलाय आता," म्हणाल्या, आणि सिगार मोरीत विझवला.

मेमध्ये साहेब आले. दीर मुंबईहून आदल्या दिवशीच आला होता आणि दाढी नीट झाली का ते सकाळपासून तीनदा आरशात बघून आला होता. मी पाणी ठेवलं, पेटी पुढे केली आणि त्यांनी उघडायच्या आतच सांगून टाकलं. यंत्र तेरा जास्त दाखवतं. तीन आठवडे माल कोरडा पडला होता. हळूहळू वर आणला. एक सिगार फोडला, एक ओढून पाहिला. तेवीस आहेत.

दिराने डोळे मिटून घेतले.

साहेबांनी एक सिगार उचलला आणि कानाशी धरून दाबला, अगदी सासूबाईंसारखा. दुसरा उचलला. तिसरा खिशातल्या कटरने कापून बाहेर ओट्यावर जाऊन पेटवला आणि अर्धा संपेपर्यंत तिथेच ओढत बसले. आम्ही तिघं दारात उभे.

"सुरुवातीला जरा कडक आहे," ते म्हणाले. "दोन आठवडे आणखी ठेवले तर ठीक होतील. फोडला कुणी?"

"म्या," सासूबाई म्हणाल्या. "दोरा न्हाई तर टोकाला धरतंय कशानं?"

"डिंकानं, आजी. झाडाचा डिंक."

"आसं व्हय." त्या जरा विचारात पडल्या. "मंग पावसाळ्यात सुटंल."

साहेब पहिल्यांदा हसले. निघताना दिराला म्हणाले, "जूनमध्ये तयार राहा. नाव कळवतो." मग माझ्याकडे वळून, "यंत्र राहू द्या तुमच्याकडे. मी दुसरं घेईन."

ते यंत्र आता माझ्या केंद्रावर टेबलाच्या कडेला असतं. कामाचं काही नाही, तेरा जास्तच दाखवतं. पण कोणी फॅटवरून भांडायला आलं की मी आधी साफ पाणी घालून शून्य त्याच्यासमोर दाखवते, मग दूध घालते. दोनदा शून्यच हललेलं निघालं आणि आकडा खरंच बदलला.