भाकरी आली तर घर, भात आला तर हैदराबाद

जी गोष्ट झटकन ठरते तिचा किस्सा होत न्हाई. एका बैठकीत जमलेल्या लग्नाचं सांगायला काय उरतं? मोडता मोडता जमलेलं लग्न मात्र पोरांच्या बारशापर्यंत पुरतं! आमच्या घरात एका उन्हाळ्यात एक गोष्ट अडीच महिने ठरत न्हवती, म्हणून तुम्ही अजून मला चहा पाजून तीच सांगायला लावता. आणि दर वेळी विचारता, "नरूभाऊ, हैदराबादला नंबर लागला होता, मग गेलात कामून न्हाई?"

सांगतो. पण मधी बोलू नका, मी विसरतो.

निजामाचं राज्य होतं. आम्ही गुलबर्ग्याचे. मी मॅट्रिक पास झालो. पुढं दोन वाटा. गुलबर्ग्यात इंटरपर्यंतचं कॉलेज होतं, तिथं नाव घालायचं आणि घरी जेवून शिकायचं. न्हाईतर हैदराबाद, मोठं कॉलेज, हॉस्टेल, आणि तिथूनच बी.ए. करून साहेब होऊन यायचं. मी दोन्हीकडं फॉर्म भरले आणि दोन्हीकडून "या" म्हणून पत्र आलं. एकीकडून न्हाई म्हणले असते तर जन्माचे उपकार झाले असते!

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू, लई जायचं होतं. पण मधी अप्पांचे डोळे होते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मुन्सिफ साहेबाच्या, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाच्या, कचेरीत मुन्शी. अर्ज, जबान्या, सगळं उर्दूत, आणि कोर्टात ते मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्यांचं. दोन वर्षांपासून त्यांना माणूस दिसायचा, चेहरा दिसायचा न्हाई. कागद दिसायचा, अक्षर न्हाई. हे कचेरीत कुणाला माहीत न्हवतं. रोज सकाळी उन्हं अंगणात आली की मी त्यांना आदल्या संध्याकाळी घरी आणलेले दिवसाचे कागद वाचून दाखवायचो. दोनदा ऐकलं की त्यांना तोंडपाठ! मग कचेरीत कागद नाकासमोर धरून धडाधड म्हणायचे.

मी गेलो तर सकाळी वाचणार कोण? आणि न्हाई वाचलं तर नोकरी किती दिवसांची? हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत न्हवतं. डोळे सोडून बाकी सगळ्यावर चर्चा!

*

पहिली चर्चा शेरवानीची. कॉलेज इथलं असो का तिथलं, शेरवानी पाहिजेच. अप्पा मला घेऊन करीमचाचा दर्जीकडं गेले. चाचानं टेप गळ्यात अडकवून विचारलं, "छोरा रहनेवाला किधर है, मुन्शीजी?"

"कायकू पूछ रहे?"

"घर में रहके पढ़ा तो पेट निकलता. हॉस्टल में रहा तो गाल बैठते. नाप कौन सा लूं?"

बरोबर बोलला बघा! अप्पांनी पाच मिनिटं विचार केला. मला वाटलं, आता ठरतंय, शिंप्याच्या दुकानात का होईना ठरतंय.

अप्पा म्हणाले, "दोनों का लो."

शेरवानी आली ती खांद्याला हॉस्टेलची आणि पोटाला घरची. आईनं माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आता तू कुठंबी गेलास तरी लोक हसतील, मग काळजी न्हाई."

*

मग थोरले काका आले. ठाणाकुशनूरला आमची शेती, काका तिथं असायचे. अप्पांनी त्यांना पत्र लिहिलं, म्हणजे मीच लिहिलं, की येऊन मार्ग काढावा. काका बैलगाडीनं बिदर, तिथून मोटारीनं असे दोन दिवस हाडं खिळखिळी करून पोचले. हातपाय धुतले, आणि ओसरीवर बैठक घेतली.

"हं, बोला. पोराला धाडायचं का ठेवायचं?"

अप्पा म्हणाले, "त्याच्या मनात काय हाय ते विचारा."

काका माझ्याकडं वळले. "काय रं?"

मी म्हणालो, "अप्पा म्हणतील तसं."

काका अप्पांकडं वळले. "काय रं गुंडू?"

"तो म्हणेल तसं."

काकांनी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "ह्या दोघांचं जमलं की मला काय, मी व्हय म्हणते."

काकांनी पटका डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. "आरं, मग मला कामून बोलवलं? हे न ठरवायला तुम्ही तिघं पुरेसे व्हता की!"

तरी चार दिवस राहिले. सकाळी म्हणायचे, "पोरगं घराबाहेर पडल्याबिगर शहाणं होत न्हाई, जाऊ दे." दुपारी जेवण झालं की म्हणायचे, "एकदा हैदराबादला गेलेलं पोरगं परत येत न्हाई, राहू दे." निघताना मी पाया पडलो. म्हटलं, काका, शेवटचं सांगा.

"सकाळी निघालो असतो तर 'जा' म्हणलो असतो," काका म्हणाले, "पण मोटार दुपारची हाय."

*

माणसांनी ठरेना म्हणून आईनं ते दत्तावर सोपवलं. गाणगापूरला गेलो. तिथं पाच घरी माधुकरी मागायची रीत हाय, तुम्हाला ठाऊकच असेल. आईनं पादुकांपुढं हात जोडून बोलून टाकलं, "भाकरी जास्त घरी मिळाली तर पोरगं घरी राहील. भात जास्त घरी मिळाला तर हैदराबादला जाईल. आता तू बघ, देवा."

हिशोब तिचा सरळ होता. आमच्याकडं ज्वारीची भाकरी, हैदराबादेला भात. आणि पाच घरं म्हणजे बरोबरी व्हायची भीती न्हाई!

झोळी घेऊन निघालो. आई चार पावलं मागं. पहिल्या घरी भाकरी. दुसऱ्या घरी भात. तिसऱ्या घरी भाकरी. चौथ्या घरी भात! पाचव्या घराच्या दारात मी झोळी पुढं केली. आणि खरं सांगू का, भाकरी यावी असं वाटायलंय का भात यावा असं वाटायलंय, हेच मला कळेना. भाकरी म्हटलं की हैदराबाद डोळ्यासमोर, भात म्हटलं की अंगणात एकटे बसलेले अप्पा.

आतून एक बाई आल्या. "आज गुरुवार हाय की बाबा, आमच्यात उपास." आणि त्यांनी झोळीत मूठभर शेंगदाणे टाकले.

आता बोला!

परतीच्या गाडीत आईला चैन न्हाई. शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता. आईनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि विचारलं, "मग अण्णा, शेंगदाणे कुठल्या बाजूचे धरायचे?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटून विचार केला. "अक्का, भाजलेले व्हते का कच्चे?"

"भाजलेले."

"मग अवघड हाय," म्हातारा म्हणाला.

*

तेवढ्यात कचेरीत एक झालं. गफूर चपराशी घरी येऊन सांगून गेला, पडवीत उभा राहून, हळू आवाजात.

एका जमिनीच्या तंट्याचा अर्ज अप्पा वाचत होते. झकास चाललं होतं. गफूर पाण्याचा गडवा घेऊन जवळून गेला, तर कागद उलटा! वरची बाजू खाली, आणि अप्पा एका दमात वाचायलेत! गफूरनं गडवा ठेवायच्या निमित्तानं वाकून कागद हळूच सुलटा केला. अप्पा थांबलेसुद्धा न्हाईत.

संपल्यावर मुन्सिफ साहेब सगळ्या मुन्शींना म्हणाले, "इन से सीखो! तुम लोग कागज में नाक घुसाते हो. ये देखते तक नहीं!"

गफूर हे सांगून हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. मला म्हणाला, "भैया, तू जायलास का हैदराबादला?" मी म्हटलं, अजून ठरायचंय. तो चपला घालून गेला.

*

तेव्हा मी एक शक्कल काढली. आमची तारा, धाकटी बहीण, बारा वर्षांची. शाळेत उर्दू शिकायची, पण कचेरीची धावती लिखावट तिला येत न्हवती. मी रोज दुपारी तिला ती शिकवायला लागलो. पोरगी हुशार! महिन्याभरात वाचायला लागली. मग सकाळी मी शेजारी बसायचो आणि ती अप्पांना वाचून दाखवायची. मला वाटलं, सुटलो रे बाबा. आता ठरलं.

एकच खोड. तिला कागदातल्या माणसांचा राग यायचा. वाचता वाचता मधीच शेरा मारायची, तोही उर्दूत, नवी भाषा मिरवायची हौस!

एक दिवस अर्ज होता की मुद्दाअलैह, म्हणजे ज्याच्यावर दावा तो शेजारी, त्याच्या दोन बैलांनी एका दुपारी तीन बिघे जवार खाल्ली. ताराला तो खोटेपणा सहन झाला न्हाई. एरवी तिचा शेरा मी तिथंच गाळायला लावायचो, पण त्या दिवशी मला पोस्टात जायचं होतं म्हणून मी उठून गेलो होतो. अप्पांनी दोनदा ऐकलं, पाठ केलं, गेले.

कोर्टात, हेही गफूरनंच येऊन सांगितलं, अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले, "मुद्दाअलैह के दो बैल एक दोपहर में तीन बीघे जवार खा गए, सरासर झूठ है, इत्ता बड़ा पेट किसका होता जी!"

वकील खो खो हसायला लागले. मुन्सिफ साहेबांनी हात वर केला. "मुन्शीजी, ये अर्जी में लिखा है?"

अप्पा म्हणाले, "हाशिये पर है, हुज़ूर."

साहेबांनी कागद मागितला. पुढून बघितला, मागून बघितला, समासात बोट फिरवलं. समास कोरा. साहेब अप्पांकडं जरा वेळ बघत राहिले.

"हां," म्हणाले, "है. आगे पढ़िए."

आणि कागद साहेबांच्या हातातच! अप्पांचे दोन्ही हात रिकामे. तरी अप्पा पुढं वाचायलेत, शेवटच्या "फ़क़त" पर्यंत, एक अक्षर न चुकता.

कोर्ट उठल्यावर साहेबांनी एवढंच विचारलं, "घर में पढ़ता कौन है?"

"लड़का," अप्पा म्हणाले. "हैदराबाद जा रहा है."

*

अडीच महिन्यांत न ठरलेलं त्या दिवशी असं ठरलं. अप्पा घरी आले, पगडी खुंटीला लावली, पहिल्यांदा खुंटी चुकली, दुसऱ्यांदा लागली. मला म्हणाले, "सोमवारची गाडी धर. वाडीला बदलायची. हॉस्टेलच्या फॉर्मवर सही करून दिलीय मी."

"आणि अप्पा, तुमचं..."

"माझं काय? मला दिसतंय. पहिल्यापेक्षा बरं दिसायलंय. तुला कामून काळजी?"

आईनं तोंड फिरवलं. ताराला रडू फुटलं, तिला वाटलं तिच्यामुळंच झालं. आणि मला, लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. आणि झाला म्हणून इतकं वाईट वाटलं की मी जेवलो न्हाई. जेवलो न्हाई म्हणून आईला वाटलं मला जायचं न्हाई. ती अप्पांना बोलली, अप्पा मला बोलले. परत सगळा घोळ!

तरी सोमवारी स्टेशनवर गेलो. मी, आई, तारा, अप्पा. दुपारची वेळ, प्लॅटफॉर्मवर ही गर्दी. मी ताराला बजावून ठेवलं होतं, अप्पांचा हात सोडू नको. गाडी आली, मी ट्रंक घेऊन चढलो आणि कसाबसा दाराजवळ टेकलो. बाहेर बघतो तर अप्पांनी ताराचा हात सोडवून घेतलेला. तिला आणि आईला नळाजवळ उभं केलं आणि एकटे डब्याच्या कडेकडेनं चालायलेत, ताठ, भरभर, माझ्या दिशेनं. मी हात वर केला.

अप्पा माझ्यासमोरून पुढं गेले.

पुढच्या खिडकीत एक पोरगा बसला होता, माझ्याच वयाचा, कुणाचा कोण. अप्पांनी खिडकीतून हात घालून त्याच्या डोक्यावर ठेवला. माझ्यापासून दोन हातांवर. मला सगळं ऐकू येत होतं.

"बघ नरू," अप्पा म्हणाले, "आलो का न्हाई एकटा? तुला शोधायला कुणाला विचारावं लागलं का? माझं नीट दिसायलंय. तू मागं बघू नको. शीक."

त्या पोरानं एकदा इकडंतिकडं बघितलं. मग अप्पांच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांचा हात डोक्यावरून काढला न्हाई. नुसती मान हलवली.

शिट्टी झाली. मी ट्रंक ओढत खाली उतरलो. गाडी हलली, त्या पोराची खिडकी पुढं गेली, अप्पा तिच्याकडं हात हलवत उभे राहिले. मी गर्दीतून आईजवळ जाऊन पोचलो. ताराच्या तोंडून शब्द फुटणार तेवढ्यात आईनं तिचं तोंड दाबलं.

अप्पा परत आले, कुणाचा आधार न घेता. आईच्या पुढ्यात थांबले. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा, हातात ट्रंक.

"बसला," अप्पा आईला म्हणाले. "खिडकी मिळाली त्याला. डोळ्यात पाणी होतं पोराच्या, मी बघितलं ना."