नवं खाऊन झालं की निघेन

आमच्या घरात संशय आईकडून आला. ती मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. कुणी समोर येऊन फार गोड बोलू लागला की हा काय लपवतोय, हा प्रश्न तिला आधी पडतो. मी तिचीच मुलगी. बाबांचं उलट. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली, त्यामुळे समोरचा सांगेल ते खरं धरायची सवय. असा माणूस कधी आपल्यालाच फसवेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पावसाळ्यात मी नाशिकची नर्सची नोकरी सोडून जव्हारला घरी आले आणि फ्रेंच शिकायला बसले. कॅनडात ज्या भागात फ्रेंच बोलतात, तिथल्या एका वृद्धनिवासात काम मिळणार होतं. भाषा आली तर. पुण्याच्या मॅडम फोनवरून शिकवायच्या. दिवाळीनंतर त्यांच्याकडे पुण्यातच राहून शेवटची तयारी करायची, परीक्षा द्यायची आणि तिथूनच विमान गाठायचं, असं ठरलं होतं.

पाठांतर घ्यायला बाबा होते. त्यांना फ्रेंचचं अक्षरही येत नव्हतं, पण पुस्तक हातात धरून मुलाचं चुकतंय की नाही हे ते चेहऱ्यावरून ओळखतात. मी ‘झोरे माँझे’ म्हटलं की ते पुस्तकात ‘जौराई मांगे’ वाचायचे आणि मान हलवायचे. “लिहिलंय एक, बोलतेस भलतंच. ही भाषा सरळ नाही,” हे त्यांचं मत कायम राहिलं.

भाद्रपदाच्या सुमाराला आम्ही त्या काळापाशी पोचलो. पुढे कधीतरी एखादी गोष्ट होऊन गेलेली असेल, हे सांगायचा काळ. तो बनवायचा कसा, तर ‘असणे’ किंवा ‘जवळ असणे’ या क्रियापदाचं भविष्यरूप आधी आणि मूळ क्रियापदाचं ‘झालेलं’ रूप नंतर. झोरे माँझे, मी खाल्लं असेल. झ सरे पार्ती, मी निघाले असेन. येण्याजाण्याची क्रियापदं पहिल्या प्रकारात, खाण्यापिण्याची आणि बाकी बहुतेक दुसऱ्यात. जाणारी बाई असेल तर लिहिताना शेवटी एक अक्षर जास्त. बाबांनी हे सगळं मास्तरासारखं ऐकून घेतलं आणि हसले. “यात नवीन ते काय? तुझी आई दिवसभर हेच बोलते. जीपवाल्यानं मुद्दाम सोडलं असेल, दूधवाल्यानं पाणी घातलं असेल.”

गंमत म्हणजे ते बरोबर होतं. मॅडमनी पुढच्याच वर्गात सांगितलं, की फ्रेंच लोक हाच काळ अंदाजासाठीही वापरतात. इल ओरा उब्लिये, तो विसरला असेल. संशय घ्यायला एक आख्खा काळ राखून ठेवणारी भाषा मला एकदम जवळची वाटायला लागली.

घोडं अडलं ते दुसरीकडेच. आपण ‘जेवले की निघते’ म्हणतो. जेवण अजून चुलीवर असतं आणि आपण ‘जेवले’ म्हणून मोकळ्या होतो. मोखाड्याच्या नाक्यावरचा जीपवाला गाडीत दोन माणसं असताना ‘निघालोच’ म्हणतो, आणि बारा जण कोंबेपर्यंत हलत नाही. फ्रेंचमध्ये असली सवलत नाही. आधी व्हायची गोष्ट या नव्या काळात घालायची, तिच्यानंतरची साध्या भविष्यात. काँ झोरे माँझे, झ पार्तिरे, खाल्लं असेल तेव्हा मी निघेन. माझी वाक्यं सारखी चुकायची. मॅडम म्हणायच्या, “तू न झालेलं झालं म्हणून टाकतेस.”

दसऱ्याला बाबांनी जेवताना विषय काढला. “नवं खाऊन झालं की जा.” दाभोशाजवळ गावाला आमचं भातशेत आहे, काका कसतात. नवं पीक आलं की त्याचा भात आधी देवाला आणि वाडवडिलांना दाखवायचा, मग घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. तोवर नवा तांदूळ शिजवायचा नाही. मी आनंदानं हो म्हटलं आणि तेच वाक्य फ्रेंचमध्ये करून मॅडमना पाठवलं. नवं खाऊन झालं असेल तेव्हा मी निघेन. एकही चूक निघाली नाही.

दिवाळी झाली. भात काही येईना. बाबा रोज सकाळी जव्हारहून जीप पकडून गावाला जायचे, संध्याकाळी परतायचे. विचारलं की नवीन कारण तयार. कापणी व्हायचीय. मग, झोडणी व्हायचीय. मग, पेंढा रचून होऊ दे. माझ्या ‘निघेन’च्या आधी रोज एक काम येऊन बसायचं. मॅडमचा फोन आला, की या आठवड्यात आली नाहीस तर जागा दुसऱ्या मुलीला देते. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “झालंच समज.”

तिथं माझं डोकं फिरलं. जन्मभर पोरांना ‘होईल तेव्हा सांगा’ म्हणणारा माणूस ‘झालंच’ म्हणतो? मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. झोडणीवरून आलेल्या माणसाच्या कपड्यांत कुसळं अडकतात, मानेला खाज सुटते. बाबांचा शर्ट सकाळी जसा घातला तसा संध्याकाळी. चपलांना माती नाही. आईला म्हटलं, तर तिनं क्षणात निकाल लावला. “स्थळ बघत असतील तुझ्यासाठी. तुझ्या काकानं भरवलं असेल डोक्यात.” मला ते पटलं. इतका राग आला की रात्रीची भाकरी मी दाणदाण थापली.

दुसऱ्या दिवशी बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत जाणार होते. आई मोखाड्याला गेली आणि मी गावाची जीप पकडली. वाटेतली शेतं बघत होते. सगळीकडे धसकटं उरलेली, एकही शेत उभं नाही. आमचंही नाही. खळं झाडून स्वच्छ होतं, पेंढ्याची उडवी रचलेली होती, तीही जुनी वाटावी इतकी बसलेली.

काकी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मी पाणीही न पिता विचारलं, “भात कधी झोडलं?”

“भात? तं कवाच झालं. गिरणीवरून तांदूळय आणला. नवं खाल्लं आमी.” ती माझ्याकडे बघत राहिली. “तुला बापूस बोलला नाय?”

“बाबा रोज इथं येऊन करतात काय?”

“काय नाय. खळ्यावं बसतो. पोरांचे पाढे घेतो. दुपारी आमी भात खातो, त्याला म्हणलं खा, त म्हणतो मना नाचणीची भाकर दे. घरच्यांसंगं खाईन म्हणतो.”

स्थळाचं मी आडून विचारलं. काकी हसायलाच लागली. मग आत गेली आणि खुंटीवरची कापडी पिशवी काढून आणली. आमच्याच घरातली पिशवी. आत तांदूळ होता. “तुमच्या वाटचा. दोनदा त्याच्या हातात दिला, दोन्ही वेळा इथंच ठेवून गेला. इसरला असंल.”

विसरले नव्हते. मला तिथं उभ्या उभ्या सगळं कळलं. सगळ्या गावानं नवं खाल्लं होतं. हा एक माणूस रोज तिथं जाऊन भाकरी मागत होता, कारण त्यानं तांदूळ तोंडात घातला की माझं बोललेलं पुरं होणार होतं. मला त्यांचा राग आला होता तो तसाच होता, आणि वर रडू येत होतं. काकीनं ते पाहिलं आणि मिरच्या लागल्या का डोळ्याला, असं विचारलं.

पिशवी मांडीवर घेऊन परत आले. तांदूळ धुतला, भात टाकला. नव्या तांदळाचा वास लपत नाही, घरभर होतो. बाबा बाहेरून आले, दारातच थांबले, चपला काढायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. आई मोखाड्याहून आल्यावर तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि सरळ ताटं मांडली. मी देवाला दाखवलं, वाडवडिलांचं पान बाहेर ठेवलं. तिघं जेवायला बसलो.

माझ्याकडे उलटतपासणी तयार होती. कुसळं, चपला, पिशवी, सगळं क्रमानं लावलं होतं. बाबा भातावर वरण घेऊन कालवत राहिले. किती कालवावं त्याला काही सुमार नव्हता.

“तिथं ते म्हातारे असतात ना, तुझ्या त्या निवासात,” ते मान वर न करता म्हणाले, “त्यांना मुलं असतील?”

“असतील.”

“मग ती कुठं गेली असतील?”

बाबांनी घास उचलला, तोंडात घातला, सावकाश चावून गिळला. मग आईला म्हणाले, “तिला वाढ. सकाळची पहिली गाडी पकडायचीय तिला.”