आत्ती रेडिओवर बोलल्या, तेव्हा

हे मी अजून कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, माहेरी नाही. सांगायचं म्हणून सुरुवात करायची आणि — भलत्याच विषयावर बोलून परत यायचं, असं कितीदा झालं. तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून कदाचित आज जमेल.

मी पेठ वडगावच्या एका कॉलेजात शिकवते. राहायला कोल्हापुरात. रोज गाडीनं जाऊन-येऊन करते, आणि गाडीत मला रेडिओ लागतो. पण माझ्या आवडीचे कार्यक्रम दुपारी, मी वर्गात असताना. म्हणून घरच्या रेडिओला पेनड्राइव्ह लावून ते भरून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडीत ऐकायचे, अशी माझी सवय. भरून कोण घ्यायचं? आत्ती. म्हणजे माझ्या सासूबाई — आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. वेळ झाली की त्या बटण दाबायच्या, संपलं की बंद करायच्या, आणि सकाळी डब्याबरोबर पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवायच्या.

आत्ती शिरोळच्या. महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आम्ही त्यांना इकडे आणलं. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं, भिंतींना नवा गिलावाही झाला — पण आत्ती आमच्याकडेच राहिल्या. परत जायचंय का, असं मी त्यांना विचारलं नाही. का विचारलं नाही? संध्याकाळी मी दमून यायची तेव्हा भाकरी तयार असायच्या. इतकं साधं कारण.

मग एकदा रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात वाळवणाबद्दल बोलायला जुन्या माणसांना बोलावलं होतं. आमच्या शेजारणीनं आत्तींचं नाव सुचवलं. नवऱ्यानं त्यांना नेऊन आणलं. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम लागला, तेव्हा घरात आत्ती एकट्याच. स्वतःचा आवाज त्यांनी स्वतःच भरून घेतला. सकाळी पेनड्राइव्ह देताना म्हणाल्या, “आज माझंच हाय त्यात. सगळं ऐक, बाई.”

त्या दिवशी गाडीत माझ्याबरोबर कॉलेजातली एक सहकारी होती. मी पेनड्राइव्ह लावला. आत्ती कुरडईचा चीक कसा शिजवायचा ते सांगत होत्या — मोठ्यानं, अंगणापलीकडच्या माणसाला सांगावं तशा. हाय, न्हाय, व्हय की. सहकारी हसली. वाईट नव्हतं तिचं हसणं. “कोण हो या?” तिनं विचारलं.

आणि मी म्हणाले, “कुणीतरी गावाकडच्या बाई आहेत.”

म्हणाले आणि पुढचं गाणं लावलं.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटत होतं. पण तो नव्हे — किंवा तेवढाच नव्हे.

संध्याकाळी आत्तींनी विचारलं, ऐकलंस का. मी म्हणाले, ऐकलं की, छान बोललात.

“शेवटपत्तोर?”

“हो, शेवटपर्यंत.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मग?”

“मग काय? छानच झालं,” म्हणून मी हातपाय धुवायला गेले. परत आले तेव्हा त्या ताट वाढत होत्या. तो विषय पुन्हा त्यांनी काढला नाही.

पावसाळ्याच्या आधी भावकीतल्या एकानं शिरोळचं घर मागितलं. पुन्हा पूर आला तर काय, असं नवऱ्याचं म्हणणं. मीही विकू या म्हणाले. जेवताना नवऱ्यानं आईला विचारलं. आत्तींनी लेकाकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

“तिला इचारलंस न्हवं? मग झालं,” त्या म्हणाल्या.

मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. सासू आपल्या शब्दाला किती मान देते, म्हणून. त्यांनी सही केली आणि घर गेलं.

त्यानंतर कधीतरी, दिवाळीच्या आसपास, वडगावहून एकटी परत येत होते. हाताला लागला तो पेनड्राइव्ह लावला, तर आत्तींचा आवाज. या वेळी मी पुढचं लावलं नाही. वाळवण संपलं. निवेदिकेनं विचारलं, आजी, आता कुठं असता? आत्ती म्हणाल्या, लेकाकडं, कोल्हापुरात. सून गुणाची हाय.

मग जरा थांबल्या.

“पर मला माझ्या घरला जायाचं हाय. तिला तोंडावर सांगाय जीव हुईना, वाईट वाटंल तिला. ती हे गाडीत ऐकती. म्हणून हितं बोलली.”

वाठारच्या फाट्याच्या पुढं मी गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिले. किती वेळ, कोण जाणे.

म्हणजे — त्या “मग?”चा अर्थ तो होता. आणि मी “छानच झालं” म्हणाले होते. त्यांना वाटलं, मी सगळं ऐकलं आणि नाही म्हणाले. पुढं घरही विकायला लावलं.

घरी पोचले. आत्ती मेथी निवडत बसल्या होत्या. उशीर का झाला, म्हणाल्या. मी म्हणाले, वाहतूक फार होती. शेजारी बसले, मेथी निवडू लागले. तेव्हाच सांगता आलं असतं. घर काही परत मिळालं नसतं, पण ‘आत्ती, मी तेव्हा ऐकलंच नव्हतं’ — एवढं एक वाक्य. ते सांगायचं तर का ऐकलं नाही तेही सांगावं लागलं असतं. शेजारी कोण बसलं होतं, मी तिला काय म्हणाले, सगळंच. मी मेथी निवडली आणि उठले.

मग मी त्यांना नवं लुगडं घेतलं. गुडघ्यांसाठी डॉक्टर बदलला. रविवारी फिरायला नेऊ लागले. नवरा म्हणायचा, सासू-सुनेचं असं कुठं बघायला मिळत नाही.

एकदा गावाकडून कुणी आलं होतं. नव्या मालकानं जुनं घर पाडलं, असं ते सांगून गेले. आत्ती त्यांना दारापर्यंत पोचवून आल्या. मग मला म्हणाल्या, “तुझ्यावर राग न्हाय माझा. तुला बी माणूस लागतं घरात.”

पाणी आणते म्हणून आत गेले.

त्यानंतरही आत्ती वर्षभर होत्या. रोज सकाळी माझा डबा भरायच्या. शेवटच्या आजारात हॉस्पिटलात मीच त्यांच्या उशाशी असायची, पुष्कळदा आम्ही दोघीच. त्यांना सगळं कळत होतं, ऐकू येत होतं. मी त्यांचे केस विंचरले, पाय चेपले, औषधं दिली.

ते मात्र सांगितलं नाही.